मोठ्या स्क्रीनवर बघू

बोरीवली (पूर्व)
१० सप्टेंबर २०२५

चि. प्रांजल हिला काकाचा आशीर्वाद, आणि काकूचा ठपका, की गौरीच्या जेवणाला आलीस आणि डबा इथेच विसरून गेलीस.

त्या दिवशी जेवताना तू जे बोललीस त्याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं होतं, पण माझे कान हे असे. चारजण एकदम बोलायला लागले की मला नुसता पंख्याचा आवाज येतो. फोनवर तर विचारूच नको. समोरच्याला वाटतं म्हातारा चिडलाय आणि मला वाटतं तो भांडतोय. म्हणून हे पत्र. तुम्ही याला ईमेल म्हणता, पण मी वर गाव घालतो, तारीख घालतो, खाली सही करतो, आणि टकटक वाजणाऱ्या कीबोर्डवर दोन्ही हातांनी लिहितो. तेव्हा माझ्यापुरतं हे पत्रच.

तर तू म्हणालीस, 'काका, टॅब पण कॉम्प्युटरच असतो.' नाही बाय. उभा जन्म मी पवईच्या कंपनीत कॉम्प्युटर उघडण्यात घालवला, त्यातलं मला थोडं कळतं. ज्याचं झाकण उघडता येत नाही, ज्यातली धूळ ब्रशने काढता येत नाही, ज्यात स्वतःच्या हाताने एक पार्ट बदलता येत नाही, तो कॉम्प्युटर कसला? बिघडला की फेकायचा आणि कंपनीच्या दारात नवीनसाठी उभं राहायचं. ती पाटी आहे. गोरीगोमटी, महागडी पाटी. तिच्यावर सिनेमे बघावेत, लहान पोरांना जेवताना गप्प बसवावं. तू तिच्यावर चित्रं काढतेस म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवतेस, एवढंच.

तुझ्यासाठी मी खरा कॉम्प्युटर जुळवायला घेतलाय. कॅबिनेट आलंय, बोर्ड आलाय, स्क्रीन सांगून ठेवलाय, चांगला रुंद. एक-दोन पार्ट मनासारखे मिळेनात म्हणून थांबलोय. घाईघाईने काहीतरी गळ्यात मारणारा मी नव्हे.

राहिली धोंडूची चित्रं. तू पाटी पुढे केलीस आणि मी ती बाजूला ठेवली, त्याचा तुला राग आला. दिसलं मला, मी बहिरा आहे, आंधळा नाही. पण माझ्या धाकट्या भावाला मी वहीएवढ्या काचेत, बोटांच्या डागांमधून, मोदकाच्या ताटाशेजारी बघणार नाही. कॉम्प्युटर होऊ दे. मोठ्या स्क्रीनवर बघू, निवांत. तुझ्या आईलाही बोलावून घेऊ.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
लवूकाका


मुलुंड
१४ सप्टेंबर

ती. लवूकाकांना नमस्कार. काकूला सांगा, डबा मुद्दाम ठेवलाय, भरून मिळावा म्हणून.

तुमचं पत्र मी त्या पाटीवरच वाचलं आणि उत्तरही तिच्यावरच लिहितेय. पत्र लिहिता येतं, चित्र काढता येतं, ऑफिसचा हिशोब बघता येतो. मग अजून काय केलं म्हणजे तुम्ही तिला कॉम्प्युटर म्हणाल? फक्त झाकण उघडत नाही म्हणून? काका, झाकण माझंही उघडत नाही.

मस्करी सोडा. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी कॅबिनेट आणि रुंद स्क्रीन घेऊन वॉर्डात बसले असते का? त्यांना दुपारी झोप लागायची नाही. छताकडे बघत पडायचे आणि कंटाळले की म्हणायचे, 'काढ गो, माझां तोंड काढ.' मी काढायचे. मांडीवर टॅब, शेजारी मोसंबीची सालं. कधी नुसते हात काढले, कधी सुई लावलेला हात, कधी ते आईशी भांडताना. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नव्हतं, तेव्हा ते खुणेने मागायचे आणि स्वतःचं चित्र बघून हसायचे. जन्मभर लोकांच्या घरचे दिवे लावले आणि कुणी त्यांचा साधा फोटो धड काढला नाही. आहेत ती ही चित्रं.

आता बातमी. पवईला एक स्टुडिओ आहे, लहान मुलांची चित्रपुस्तकं करणारा. दरवर्षी दोघातिघांना घेतात, वर्षभर शिकवतात, वर पगार देतात. मी अर्ज केला होता. सोसायटीच्या बॅनरची चित्रं पाठवली आणि पहिल्या चाळणीतून निघाले. नोव्हेंबरात मुलाखत आहे, तिथे आपलं एकच सलग काम घेऊन यायचं. माझं काम म्हणजे बाबा. ती चित्रं मी अजून कुणाला पाठवलेली नाहीत, आईलासुद्धा सगळी दाखवलेली नाहीत. लागलं तर या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून सुटेन काका. दिवसभर ट्रकच्या पावत्या टाकून माझे डोळे पिवळे व्हायची वेळ आलीय.

म्हणून एक मागणं. खंडेनवमीला आपल्या पाटावर ज्याचं त्याचं हत्यार मांडतात. यंदा माझा टॅब मांडाल का? माझी मैत्रीण मानसी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना मला देऊन गेली, सगळं लावूनसुद्धा तिनेच दिलं, म्हणून काय झालं. बॅनरचे पैसे याच्याच जिवावर मिळालेत. मुलाखतीआधी त्याला हळदकुंकू लागावं असं मला फार वाटतं.

तुमची,
प्रांजल


बोरीवली
२१ सप्टेंबर

चि. प्रांजल,

स्टुडिओची बातमी वाचून काकूने देवापुढे साखर ठेवली आणि मी चहात घालायला तीच उचलली, म्हणून आमचं भांडण झालं. तेव्हा आनंद पोचला असं समज.

पाटाचं म्हणशील तर मी आधी चक्क नाही म्हणणार होतो. तो पाट काही शोकेस नव्हे. त्यावर बसायचं तर हत्याराने घरात अन्न आणलेलं असावं लागतं. आबांचा धोटा बसतो, कारण मिलच्या साचेखात्यात, मागांपाशी उभं राहून त्यांनी आम्हा भावंडांना वाढवलं. तुझ्या बापाचा टेस्टर आणि पक्कड बसते, तो गेला तरी बसते. काकूची कात्री बसते. माझा पेचकस आणि पहिला कीबोर्ड बसतो. या मंडळींत पाटी नेऊन ठेवायची म्हणजे पंगतीत बाहुलीला पान वाढण्यासारखं.

हे मी काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'तुमचा कीबोर्ड गेली कित्येक वर्षं पेन्शन खातोय, तो चालतो? पोरीने कमवून पैसे आईच्या हातात दिले. अजून काय पाहिजे तुम्हाला?' यावर वाद घालता आला असता, पण जेवण तिच्याच हातात आहे.

तेव्हा आण. नवमीला सकाळी ऑफिसला जायच्या आधी ठेवून जा, दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला ये आणि घेऊन जा. मधल्या वेळात त्याला कुणी हात लावायचा नाही. आबांचा नियम तुला माहीत आहे. 'पाटावर गेलेल्या हत्याराक दसऱ्याची पूजा होईसर हात लावूचो नाय. एक दिवस तेकाय इसावो होयो.' मिलच्या सुट्टीचं सुख त्यांनी धोट्यालाही दिलं. दसऱ्याची आरती झाली की मग एवढा आग्रहच असेल तर तुझा कॉम्प्युटर उघडून बघेन. कोड का काय तो लिहून ठेव.

लवूकाका


मुलुंड
३० सप्टेंबर

ती. लवूकाका,

उद्या सकाळी टॅब आणतेय. कोड म्हणजे बाबांची जन्मतारीख, तुम्हाला सांगायला नको.

आरती झाली की मी यायच्या आधीच चित्रं बघून घ्या. मी समोर असले की मला रडू येतं आणि मग तुम्ही मलाच बघत बसाल. कोड टाकलात की समोर पहिलंच चित्र येईल. मोठ्या स्क्रीनचं नंतर बघू ना काका. एकदा असंच बघा.

प्रांजल


बोरीवली
३ ऑक्टोबर

चि. प्रांजल,

काल रात्री तू काकूच्या फोनवर पाठवलंस ते तिने मला सकाळी दाखवलं. टॅब उघडल्यावर तो तुझं नाव विचारतोय, भाषा विचारतोय, आत काही नाही, असं तू लिहिलंस.

तुला कालच सांगणार होतो, पण सणाच्या दिवशी तोंड कडू करायचं जिवावर आलं. झालं असं की आरतीनंतर मी तो चार्जिंगला लावला आणि इमारतीत वीज कमीजास्त झाली. आतली मेमरी शॉर्ट झाली. जळली म्हण. मी लगेच स्टेशनजवळच्या ओळखीच्या माणसाकडे नेला. त्याने दुसरी मेमरी घालून चालू करून दिला, पण जुन्या मेमरीत होतं ते गेलं. तिच्यातून काही निघण्यासारखं नाही, मी स्वतः पाहिलं. दुकानांच्या पायऱ्या झिजवू नकोस, तुझे पैसे उकळतील आणि हातात काही देणार नाहीत.

पाटावर असताना त्याला कुणी हात लावला नाही.

या असल्या वस्तूंचं हेच असतं. खऱ्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क वेगळी काढता येते, दुसऱ्याला लावता येते, काही ना काही हाती लागतं. जाऊ दे. मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात शाबूत आहे, तू परत काढशील. नोव्हेंबराला वेळ आहे. मी राहिलेले पार्ट उद्याच जाऊन आणतो, दिवाळीच्या आत तुझा कॉम्प्युटर तुझ्या घरी लावून देतो.

लवूकाका


मुलुंड
९ ऑक्टोबर

ती. लवूकाका,

उत्तराला उशीर झाला.

तुम्ही सांगितलंत तसं परत काढायला बसले. ऑफिसातून आले की बसते. बाबांचं नाक येतं, कपाळ येतं, पण ते बाबा होत नाहीत. समोर माणूस होता तेव्हा मी बघून काढत होते. आता मी आठवून काढते आणि मला दरवेळी बरे असतानाचेच बाबा आठवतात. वॉर्डातले येत नाहीत. ते माझ्या डोक्यात नव्हतेच, ते फक्त तिथेच होते. आई म्हणाली, 'अगं, चांगलेच आठवतात तर चांगलंच आहे की.' तिला कसं समजावू?

ऑफिसात एकजण म्हणाला, घाटकोपरला एक माणूस आहे, मेलेल्या मशीनमधूनसुद्धा फोटो काढून देतो, दाखव तरी. मी म्हटलं, माझ्या काकांनी पाहिलंय. उभा जन्म त्यांनी तेच केलंय, ते नाही म्हणाले म्हणजे नाहीच. विषय संपला. मानसीला तर मी कळवलंसुद्धा नाही. तिने एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू माझ्याकडे आल्यावर जळली, हे तोंडाने सांगवत नाही.

तुमचं बरोबर होतं काका. मी उगाच वाद घातला. ती पाटीच होती, आली तशी पुसली गेली. त्या वेळी तुमचं ऐकून मी ती चित्रं एखाद्या खऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवली असती तर आज असती. चूक माझी आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, वीज काही तुमच्या हातात नव्हती.

एकच राहून राहून वाटतं. मेमरी जळायच्या आधी तुम्ही निदान एखादं तरी पाहिलं होतंत का?

प्रांजल


बोरीवली
२० ऑक्टोबर, दिवाळी

चि. प्रांजल,

काल कॉम्प्युटर लावून निघताना मी फार बोललो नाही, ते दमलो होतो म्हणून. तुझ्या आईने कॅबिनेटला हार घातला ते मला आवडलं नाही, पण सणाचं म्हणून गप्प बसलो.

आता नीट वाच. मागची वायर ओढून काढायची नाही. आधी बंद कर, दिवा विझू दे, मग बटण. महिन्यातून एकदा पंखा ब्रशने साफ कर, ब्रश खणात ठेवलाय. मी आत दोन डिस्क घातल्यात. एकीत ठेवलेलं आपोआप दुसरीत जातं, म्हणजे एक गेली तरी एक राहील. यात आता तुझं काही हरवणार नाही, याची जबाबदारी माझी. चित्र काढायला पेनाची वेगळी पाटी जोडून दिलीय, सवय व्हायला वेळ लागेल.

तू विचारलं होतंस, मी एखादं चित्र पाहिलं का. नाही पाहिलं.

अजून काही लिहायचं होतं, पण काकू फराळाला बोलावतेय. पुढच्या खेपेला लिहीन.

लवूकाका


मुलुंड
२३ नोव्हेंबर

ती. लवूकाका,

मुलाखत झाली. नाही झालं.

बोलले छान ते. समोर दोन बायका आणि एक बुवा, आणि गंमत म्हणजे दोघींच्या हातात टॅबच होते, त्यावरच माझा अर्ज उघडला होता. मी नवीन काढलेली बाबांची चित्रं ठेवली. त्यांनी एकेक बघितलं. मग त्यातली मोठी बाई म्हणाली, 'रेषा चांगली आहे तुमची. पण अर्जात तुम्ही लिहिलंत की रोज समोर बसून काढली. ही समोर बसून काढलेली वाटत नाहीत.'

काका, ती बरोबर बोलली. मी सांगितलं, ती चित्रं गेली, टॅबची मेमरी जळली. त्या बुवांनी विचारलं, 'कुणाला दाखवलंत का? सहसा असं होत नाही, कुठेतरी प्रत असते.' मी म्हटलं, माझ्या काकांनी स्वतः पाहिलंय, ते कॉम्प्युटरमधलेच आहेत, त्यांचं चुकत नाही. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बहुतेक त्यांना वाटलं की मुळात चित्रं नव्हतीच, मी अर्जात गोष्ट रचली. वाद घालायला हातात काय होतं?

पुढच्या वर्षी परत अर्ज करा म्हणाले. सगळ्यांनाच म्हणत असतील.

तुमचा कॉम्प्युटर झकास चालतो. ऑफिसवाल्यांनी विचारलं, घरून जादा पावत्या टाकशील का, तर हो म्हटलंय. कीबोर्डवर माझा हात आता बराच पळतो. टॅब कपाटावर ठेवून दिलाय.

आईने तुम्हाला आणि काकूला नमस्कार सांगितलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कॉम्प्युटर दाखवते, 'भावजींनी पोरीला स्वतःच्या हाताने करून दिला' म्हणून.

प्रांजल


बोरीवली
२६ नोव्हेंबर

प्रांजल,

आज वर आशीर्वाद लिहीत नाही. तो द्यायचा मला हक्क आहे की नाही ते तू हे वाचून ठरव.

मेमरी जळली नव्हती. वीज कमीजास्त झाली नव्हती. मी कुणाकडे टॅब नेला नाही. तो मी माझ्या हाताने पुसला.

नवमीच्या दुपारी काकू शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी एकटा होतो, समोर पाट मांडलेला. आबांचा नियम मीच तुला लिहिला आणि मीच मोडला. म्हटलं, बघूया तरी पोर कशावर एवढी भाळलीय. उचलला, कोड टाकला. फार संथ चालत होता तो. एक दाबलं की विचार करत बसायचा. मला वाटलं, हा असा मुलाखतीला नेणार ही? माझ्या हातात आलेलं मशीन मी कधी संथ परत दिलेलं नाही. साफ करून नव्यासारखा करून ठेवू, तू घरी जाऊन उघडशील आणि म्हणशील, काका, हा तर पळायला लागला. मग मी म्हणणार होतो, बघ, कॉम्प्युटर नसला तरी कॉम्प्युटरवाल्याचा हात लागला.

शोधून शोधून मी ते सगळं साफ करायचं बटण काढलं. माझ्या हिशेबात चित्रं वेगळ्या कप्प्यात असतात. कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह पुसली तरी डी ड्राइव्हला धक्का लागत नाही, लोकांच्या लग्नाचे फोटो तिथे सुखरूप असतात. असे कितीतरी मी पुसले आणि परत दिले. त्याने मला विचारलं होतं, नक्की का. मी हो म्हटलं. त्या प्रश्नाला न वाचता हो म्हणायची माझी जन्माची सवय. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

चालू झाला तेव्हा त्यात काही नव्हतं. मी तो होता तसा पाटावर ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर आरती म्हटली.

तेव्हाच का नाही सांगितलं असं तू विचारशील. तू सोनं द्यायला आलीस, पाया पडलीस, आणि मी आशीर्वाद देऊन टॅब तुझ्या हातात ठेवला. सकाळी पत्र लिहायला बसलो तेव्हाही खरंच लिहिणार होतो. पण घरात कॉम्प्युटरचं कुणाला काही अडलं की सगळे लवूला विचारतात, एवढीच माझी इज्जत आहे. ऐकू येत नाही म्हणून बाकी कशात मला कुणी विचारत नाही. ती जाईल म्हणून भ्यालो. मग तू लिहिलंस की काका तुमचं बरोबर होतं, चूक माझी. ते वाचून मला जेवण गेलं नाही, पण मी तेही तुला लिहिलं नाही. दिवाळीच्या पत्रात सांगायला घेतलं आणि फराळाचं निमित्त करून उठलो. काकूने बोलावलं नव्हतं.

परवाचं तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या लोकांसमोर तू माझं नाव घेतलंस, माझं चुकत नाही म्हणालीस, आणि खोटी ठरलीस. तुझं वर्ष मी घालवलं, प्रांजल.

अजून एक सांगायचं राहिलंय. मी एकही चित्र पाहिलं नाही असं लिहिलं, तेही पुरतं खरं नाही. कोड टाकला तेव्हा समोर एक आलं होतं. उशीवर कुशीला वळलेलं डोकं. कान धोंडूचाच, लहानपणी शेजारच्या कुत्र्याने ओरबाडला होता तो. मी एवढंच पाहिलं आणि ते बोटाने बाजूला सारलं. म्हटलं, असं नको, मोठ्या स्क्रीनवर बघू. आता डोळे मिटले की तो कान दिसतो आणि पुढचं काही दिसत नाही. सगळी बघायला माझ्याकडे अख्खी दुपार होती.

ती पाटी आहे, खेळणं आहे म्हणत मी तुला चिडवत राहिलो. खेळणं असतं तर त्यातून एवढं गेलं नसतं.

माफी माग असं तू म्हणायच्या आत मागतो. देऊ नये असं वाटलं तर देऊ नकोस.

लवू


मुलुंड
१४ डिसेंबर

ती. लवूकाका,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि संपेपर्यंत कामाला हात लावला नाही. नंतर कितीदा उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. रागाचं लिहून झालं, ते तुम्हाला पाठवत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी मानसीला फोन केला. मेमरी जळली नसेल, नुसतं पुसलं गेलं असेल, तर काही उरतं का, एवढंच विचारायचं होतं. ती म्हणाली, 'अगं, टॅब माझ्याच नावाने लावलेला होता ना? तू काढशील ते आपोआप माझ्या खात्यात येऊन पडायचं. तुझ्या बाबांची सगळी चित्रं होती माझ्याकडे. मी बघायचे अधूनमधून. फार आवडायची मला.' मी म्हटलं, होती म्हणजे? तर म्हणाली, तिच्या बहिणीचं लग्न झालं दिवाळीनंतर, फोटो मावेनात, म्हणून तिने जागा केली. मूळ चित्रं माझ्या टॅबवर आहेतच असं ती धरून चालली होती. टॅबवर ती उरली नाहीत, हे तिला कळवलं होतं कुणी? मी तिला सगळं सांगितल्यावर ती फोनवर रडायला लागली आणि मलाच तिची समजूत घालावी लागली. ट्रॅशसुद्धा तिने तेव्हाच रिकामं केलं होतं, तरी परत शोधून पाहिलं, कंपनीलाही विचारलं. नाहीत.

म्हणजे तुम्ही पुसलीत तरी ती गेली नव्हती, काका. मी सोनं द्यायला आले तेव्हा होती. मी रोज बसून चुकीची चित्रं काढत होते तेव्हा होती. तुम्ही आमच्याकडे येऊन कॉम्प्युटर लावत होतात, तेव्हाही पुण्यात सगळी जशीच्या तशी होती. दिवाळीच्या पत्रात ते एक वाक्य लिहिलं असतंत तर आज ती माझ्याकडे असती, आणि तुमच्याकडेही.

पुसल्याचं मी तुम्हाला माफ केलंय. ते तुम्ही माझ्यासाठीच करायला गेलात, हे मला कळतं. पुढच्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. मी मानसीला लाज वाटून कळवलं नाही, तसंच तुम्ही मला कळवलं नाही, असं स्वतःला सांगून बघते. थोडा वेळ बरं वाटतं, मग नाही वाटत.

इतक्यात मी बोरीवलीला येणार नाही. काकूला सांगा, ऑफिसात काम फार आहे. तेवढं खरंच आहे.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका. बाबा गेल्यावर तिला धीर वाटतो तो एक तुमचाच. कॉम्प्युटरवरचं कापड ती रोज झटकते. ती चित्रं पुण्यात होती हे तिला कळलं तर ती कुणाच्या तोंडाकडे बघेल?

येत्या रविवारी ती तुमच्याकडे येतेय, काकूचा डबा घेऊन. मेमरी कशी काय जळते, हे तिला अजून समजलेलं नाही आणि ते तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय असं म्हणतेय. जवळ बसवा तिला, आणि दसऱ्यानंतर मला लिहिलं होतंत तसंच नीट समजावून सांगा.

प्रांजल